बैल पाडायचा दोर

बैलाच्या चार पायांना बांधायची गाठ मी शिकलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी मला अंगणात आडवा पाडला आणि माझेच हातपाय एकत्र करून आवळले. शिकवणारा माझा सख्खा चुलता. धारूरच्या डोंगराखालच्या आमच्या गावात आणि आसपासच्या वाड्यांत बैलांना पत्र्या ठोकायचं काम तो एकटाच करायचा. पत्र्या म्हणजे बैलाच्या खुराला मारायचे लोखंडी नाल. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन आणि बैलाला आठ.

दसरा झाला की आमच्याकडच्या बैलगाड्या ऊसतोडीला निघतात. कुणी कड्याच्या साखर कारखान्याकडं जातं, कुणी त्याच्याही पलीकडं. डांबरी रस्त्यावर बिनपत्रीचा बैल आठ दिवसांत लंगडा होतो. त्यामुळं दसरा ते दिवाळी काकाच्या दारातल्या कडुलिंबाखाली बैलांची रांग लागायची. त्या वर्षी ऐन हंगामाच्या तोंडावर काकाचा बांधणारा जोडीदार एका बैलाखाली सापडला आणि कंबरेतून बसला. मी तेव्हा बीडला तीन वर्षं पोलीस भरतीच्या क्लासला घासून, धावण्यात पास आणि पेपरात नापास होऊन घरी आलो होतो. गावात मला सगळे फौजदार म्हणायला लागले होते. कुणी फौजदार म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि हे सगळ्यांना माहीत असल्यामुळं सगळे म्हणायचे.

काकानं मला बोलावलं ते काही प्रेमानं नाही. दुसरं कुणी तयार नव्हतं.

पत्री ठोकायची तर बैल पाडावा लागतो. उभा बैल पायाला खिळे ठोकू देत नाही, मीही दिले नसते. एक जण शिंगांना, एक जण शेपटीला, दोघं दोराला. पुढच्या पायांना फेरा, मागच्या पायांना फेरा, आणि मग सगळ्यांनी एकदम ओढायचं. बैल आधी गुडघ्यांवर येतो, मग कुशीवर कोसळतो. कोसळला की चारही पाय एकत्र आणून बांधायचे. मग काका त्या पायांपाशी उकिडवा बसायचा. त्याचं तोंड खुरांपासून हातभर लांब, मधे फक्त बांधणाऱ्याची गाठ. ठोकणं चालू असताना गाठ सुटली तर काका जाणार. आणि बैलाचं पोट फुगलं, श्वास कोंडला, तेव्हा गाठ सुटली नाही तर बैल जाणार. एकच गाठ दोन्ही कामांना हवी. अजिबात सुटायला नको, आणि सुटायची तेव्हा एका हिसक्यात सुटायला हवी.

निरगाठ मला येत होती. ती सगळ्यांनाच येते. पोती, गाठोडी, पिशव्या, जिथं तिथं आपण निरगाठी मारतो आणि मग नखं तोडत बसतो. बैलाच्या पायाला लागते ती सुरगाठ. दोराचं टोक पूर्ण ओढून न घेता दुमडून फेऱ्याखाली घालायचं, वरून पदर टाकायचा, आवळायचं. बैल हिसके देईल तशी ती घट्ट बसते, पण मोकळं टोक ओढलं की सगळा फेरा गळून पडतो. ऐकायला सोपं आहे. खाली पाच-सहा माणसांना न जुमानणारं एक जनावर असेल तेव्हा सोपं राहत नाही.

माझेच हातपाय बांधून काकानं मला दाखवलं.

"हितं आवळलं की पायाची नळी सोलती. आन् हितं आवळलं की पाय निसटतो. कळलं का बे?"

कळलं होतं. माझं मनगट सोलून निघालं होतं. तेवढं सांगून काका चहा प्यायला आत गेला आणि मला उन्हात तसाच ठेवला. काकूनं कप आणून माझ्या तोंडाला लावला आणि हसता हसता अर्धा चहा माझ्या गळ्यावर सांडला.

"आता तुमीच सोडा की काकू," मी म्हणालो.

"न्हाई बाबा. त्ये माजे हात बांधतील."

शिकवताना काका फारसं बोलायचा नाही. चुकलं की दोराचं टोक पाठीवर यायचं. मी लाकडाच्या ओंडक्यांना गाठी मारायचो आणि तो मागं उभा राहायचा. फेरा उलटा पडला, फटका. पदर वरून न जाता खालून गेला, फटका. पंधरा दिवसांत पाठीवर इतके वळ उठले की तेल लावताना काकूनं काकाच्या सात पिढ्या उद्धरल्या. एकदा चिडून मी मोबाईलवर गाठींचे व्हिडिओ काढले आणि त्याच्या नाकासमोर धरले. त्यात एक गोरा माणूस बर्फाच्या कड्यावर उभा राहून एका हातानं गाठ मारत होता. काकानं ती दोनदा मन लावून पाहिली.

"हात लई चांगला हाय गड्याचा," तो म्हणाला. "पर त्याचा डोंगर लाथ मारीत न्हाई."

पहिला खरा बैल पाडला त्या दिवशी मी ओकलो. बैल पडतो तेव्हा जमिनीतून आवाज येतो आणि तो आपल्या गुडघ्यांत जाणवतो. त्याचे डोळे पांढरे झाले होते, तोंडातून फेस येत होता, भीतीनं त्यानं शेण टाकलं ते माझ्या पायांवर. एका माणसानं त्याची मान गुडघ्यानं दाबून धरली होती, दुसरा शेपटीला पीळ देत होता. मी पाय आवळले, गाठ मारली आणि लिंबामागं जाऊन पोट रिकामं केलं. परत आलो तर काका ठोकायला बसलेला. त्यानं गाठीकडं पाहिलंही नव्हतं. तो गाठीकडं कधीच पाहायचा नाही. खिळ्याकडं पाहायचा.

पुढं पुढं मला ओकारी यायची थांबली. त्याहून वाईट झालं, मला मजा यायला लागली. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. तीन वर्षं बीडच्या त्या क्लासमध्ये मान खाली घालून बसलो होतो. दर वेळी यादी लागायची आणि तीत मी नसायचो. इथं माझ्या एका हिसक्यासरशी एवढं मोठं जनावर आडवं व्हायचं आणि माझ्या हातानं त्याचं सगळं बळ बांधून पडायचं. बैल तडफडला की मी आणखी आवळायचो, गरज नसताना. एकदा काकानं ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली काढली.

"त्यो काय गुन्हेगार हाय का? पत्र्या ठोकायला आणलाय त्याला."

मालक लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "फौजदार हायती, हात शिवशिवतो त्यांचा." मी तो अपमान गिळला नाही, साठवला.

आमचा दोर अंबाडीचा होता. काकानं स्वतः वळलेला, अंगठ्याएवढा जाड. अंबाडी आता आमच्याकडं फारशी कुणी लावत नाही. असलीच तर बांधावर भाजीपुरती. त्यामुळं तो दोर तुटला तर दुसरा मिळणार नव्हता. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे तो घागरीत बुडवायचा. अंबाडी भिजली की फुगते, खरखरीत होते आणि गाठ एकदा बसली की हलत नाही. काका दोर बुडवायच्या आधी त्याला हात जोडायचा. मी जोडायचो नाही, पण बुडवायचो नेमानं. हंगामाच्या मध्यावर दोराचे तंतू सुटायला लागले. माझ्या तळहातांत कुसळं जायची, रात्री हात आगीसारखे जळायचे. मी धारूरच्या बाजारातून नायलॉनचा दोर आणला. पिवळाधमक, ट्रक ओढून काढील असा.

काकानं तो हातातून फिरवून पाहिला. "गुळगुळीत हाय. मला न्हाई पटत."

"तुमाला कायच पटत न्हाई," मी आवाज चढवला. "त्यो तुमचा दोर म्हातारा झालाय तुमच्यासारखा. मधीच तुटला तर मरताल एक दिवस."

मला वाटलं आता दोराचं टोक पाठीवर येणार. पण जुना दोर गुंडाळून काकानं आत नेऊन ठेवला. मी जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नवा दोर घागरीत बुडवला. काकानं पाहिलं. त्यानं हातही जोडले. दोर म्हटला की भिजवायचा, एवढंच आम्हा दोघांना ठाऊक होतं. नायलॉन ओला झाला की आणखी निसरडा होतो, ही गोष्ट आज कुणीही सांगेल. आमच्या डोक्यात ती आली नाही. बापजादे जे पाणी गाठ धरायला लावायचे तेच आम्ही गाठ सोडायला लावलं.

पहिला बैल थकलेला होता, निभावून गेला. दुसरा शेजारच्या वाडीतून आला होता. तांबडा, रुंद छातीचा, मारका. पाडायला सहा माणसं लागली. पडताना त्यानं एकाला शिंगानं ढकलून लिंबावर आपटलं. मी पाय गोळा केले, फेरे घातले, सुरगाठ मारली आणि सगळ्यांना दिसेल असा हात झटकला. काका बसला. एकेक पत्री बसत गेली. बैल मधून मधून सगळ्या अंगानं उसळायचा, पुन्हा पडायचा. सात पत्र्या झाल्या.

आठवी चालू असताना मला गाठ हलताना दिसली.

दुमडून घातलेलं टोक जरा जरा आत जात होतं. बैलाच्या प्रत्येक उसळीला बोटभर. मी अगदी जवळ होतो, पाहत होतो. तेव्हाच ओरडायला हवं होतं. "काका, सरका" एवढंच. किंवा दोरावर झोकून द्यायला हवं होतं. पण मी ओरडलो असतो तर सगळ्या मालकांसमोर ठरलं असतं की म्हातारा बरोबर होता आणि फौजदार पुन्हा नापास झाला. मी मनात म्हटलं, एकच पत्री राहिलीय, दोन खिळे, टिकेल. मी ओठ मिटून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. पण ओरडायला पुरेसा वेळ होता, हे मला पक्कं माहीत आहे.

गाठ सुटली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मागचा पाय बाहेर आला आणि सरळ गेला. ठोकलेल्या खिळ्यांची टोकं अजून वाकवायची होती, ती खुरातून बाहेर आलेली होती. ती काकाच्या उजव्या तळव्यात शिरली आणि हात मागं ऐरणीच्या दगडावर आपटला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. काका उताणा पडला. दुसरी लाथ त्याच्या कानाजवळून गेली आणि मातीत खड्डा पडला. मी बैलाच्या मानेवर उडी टाकली. बाकीचे पायांवर पडले. कुणीतरी फेरे पुन्हा आवळले. बैल पुन्हा बांधला गेला, धापा टाकत, नाकातून रक्त येत.

आणि मग मी त्याला मारायला सुरुवात केली. दोराचं मोकळं टोक दुहेरी करून, पोटावर, मानेवर, तोंडावर. बांधलेल्या बैलाला. मी काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. प्रत्येक फटक्याला कातडं थरथरायचं आणि तेवढ्यानं माझं समाधान होत नव्हतं. बैलाच्या मालकानं मागून माझी गचांडी धरली आणि तोंडावर बुक्की मारली. माझा पुढचा दात तुटला. मी त्याच्या छातीत डोकं घातलं. आम्ही दोघं शेणात लोळलो. त्यानं माझा गळा धरला, मी त्याच्या डोळ्यांत बोटं घालायला गेलो. लोकांनी ओढून बाजूला केलं.

समोर काका उभा होता. उजवा हात छातीशी धरलेला, सदरा रक्तानं भिजलेला. त्यानं डाव्या हातानं मला एकच मारली, पण ती आजवरच्या सगळ्या मारांपेक्षा जास्त लागली.

"गाठ तुजी व्हती. त्याला कावून मारतोस?"

मी तोंडातलं रक्त पुसलं.

"सुटताना दिसली व्हती का तुला?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"न्हाई," मी म्हणालो.

काकाला बीडला नेलं. जीपमध्ये त्याचा हात माझ्या मांडीवर होता, काकूच्या लुगड्यात गुंडाळलेला. लुगडं आधी हिरवं होतं. रस्त्याला खड्डा आला की काका दातांवर दात दाबायचा आणि काकू रडत रडत ड्रायव्हरला शिव्या घालायची. माझ्याही तोंडातून रक्त येत होतं. मी ते गिळत होतो, कारण थुंकायला तोंड उघडलं असतं तर दुसरंही काही बाहेर पडलं असतं. डॉक्टरांनी दोन बोटं काढली. उरलेली राहिली, पण मूठ वळत नव्हती. हातोडी धरायचा हात गेला.

आठ दिवसांनी काका घरी आला तेव्हा लिंबाखाली बैल उभेच होते. गाड्या निघायला चार दिवस राहिले होते, आणि दुसरा ठोकणारा जवळपास नव्हता. काका खाटेवर बसला, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बैलांकडं बघत राहिला. काकू म्हणाली, औंदा राहू द्या. तो उठला, आत गेला आणि अंबाडीचा जुना दोर घेऊन आला.

"तू ठोक," तो मला म्हणाला. "बांधतो मी."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. खिळे मी ठोकले होते, ओंडक्यावर, पाहून पाहून. पण तो बांधणार कसा? त्यानं दोर घागरीत बुडवला, एका हातानं हात जोडल्यासारखं केलं आणि बैल पाडायला माणसांना हाक मारली.

बैल पडला. काकानं डाव्या हातानं फेरे घातले, टोक दातांत धरलं, मान मागं ओढून आवळलं. डाव्या हाताचं एक बोट फेऱ्याखाली घालून दुमडलेला पदर ओढला. घामानं त्याचा चेहरा काळा पडला होता. पट्टीवर रक्ताचा ताजा डाग उमटला. माणसं मदतीला पुढं आली तर त्यानं दोर दातांत ठेवूनच त्यांना शिवी दिली. मग माझ्याकडं मान हलवून सांगितलं, बस.

मी खुरांपाशी बसलो.

इतके दिवस मी तिथं दुसऱ्या माणसाला बसवत होतो आणि ती जागा कशी असते हे मला माहीत नव्हतं. तिथून बैल दिसतच नाही. फक्त चार खूर दिसतात, तोंडाच्या समोर. बैलाच्या काळजाचे ठोके पायांतून खुरापर्यंत येतात. दोर करकरतो, आणि प्रत्येक करकरीला आपण आत गोळा होतो. माझी पाचावर धारण बसली होती. पहिला खिळा वाकडा गेला, दुसरा वाकला. मी सारखा गाठीकडं बघत होतो. एका हातानं आणि दातांनी मारलेली गाठ. तिचं मोकळं टोक काकाच्या डाव्या हातात होतं. त्यानं एक हिसका दिला असता तर माझा चेहरा राहिला नसता, आणि दोष बैलाच्या माथी गेला असता. त्याला तेवढं करायचा हक्क आहे, असं मला त्या क्षणी अगदी स्वच्छ वाटलं.

बैल उसळला. मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. गाठ हलली नाही.

"काका," मी खालूनच म्हणालो. माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "मला दिसली व्हती. गाठ सुटताना दिसली व्हती मला. मी वरडलो न्हाई."

शिंगांपाशी बसलेला माणूस माझ्याकडं वळला. काकानं दोर पुन्हा दातांत धरलेला होता, त्यामुळं त्याला बोलायला वेळ लागला. मी वर पाहिलं नाही. डोक्यावरचे हात मात्र खाली घेतले.

त्यानं दातांतून दोर काढला.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "ठोक."